विधिमहाविद्यालय, माजी विद्यार्थी आणि वार्ता : स्वेट निकालपत्राच्या आधारे एक समीक्षा

१

विद्यापीठीय लेखनाचा विचार करताना प्रबंध, टीकालेख, संपादित संहिता, सूची यांकडे आपले लक्ष जाते. माजी विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या वार्तापत्राकडे ते सहसा जात नाही. वार्तापत्र ही चाळून बाजूला ठेवण्याची वस्तू. तिची समीक्षा ती काय करावयाची, असा आपला समज असतो. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाची मर्यादा विधिमहाविद्यालयांपुरती ठेवली आहे, आणि ती सकारण ठेवली आहे. वाङ्मयाचा वा गणिताचा विद्यार्थी पदवीनंतर कोणत्या क्षेत्रात जाईल याचा नेम नसतो. विधिमहाविद्यालयाचा विद्यार्थी मात्र बहुधा अशा व्यवसायात शिरतो, की जेथे त्याचा सहाध्यायी समोरच्या पक्षाचा वकील असतो, त्याच्या पुढच्या वर्गातील कोणी न्यायासनावर असतो, आणि ज्याच्या कार्यालयात तो उमेदवारी करतो तो वकीलही पुष्कळदा त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेला असतो. येथे माजी विद्यार्थ्यांचा समाज हा केवळ आठवणींचा समाज राहत नाही. तो व्यवसायाचाच एक अवयव होऊन बसतो.

या प्रकारच्या वार्तापत्राचा साचा ठरलेला आहे. नियुक्ती, देणगी, मेळावा आणि निधन हे त्याचे चार विषय. भाषा गौरवाची. अमुक वर्षाचे विद्यार्थी श्री. अमुक यांची उच्च न्यायालयावर नेमणूक झाली, तमुक वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयास कपाटे दिली, अशी विधाने एकापुढे एक येत जातात. ही विधाने वस्तुनिष्ठ दिसतात. परंतु ती एकत्र छापली गेली म्हणजे त्यांतून एक अनुच्चारित सिद्धांत उभा राहतो. तो असा, की ही माणसे या संस्थेमुळे मोठी झाली, आणि म्हणून ही संस्था मोठी आहे. यातील पहिला भाग क्वचितच सिद्ध झालेला असतो. हुशार आणि सुस्थित विद्यार्थी जिथे येतात तिथून यशस्वी माणसे बाहेर पडतात. त्यांना कीर्तिमान संस्थेने घडविले, की त्यांनी संस्थेला कीर्ती दिली, हे वार्तापत्र सांगत नाही. शिवाय या साच्याला आणखी एक अंग आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे : ज्यांना दाराशीच थांबविले गेले त्यांची नोंद या प्रकारात होऊच शकत नाही. जो विद्यार्थी झाला नाही तो माजी विद्यार्थी तरी कसा होणार?

२

हा प्रकार आरंभापासूनच इतका सपाट होता असे मात्र नव्हे. या संदर्भात हार्वर्डच्या विधिविद्यालयाचे उदाहरण बोधप्रद आहे. ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल हे १८७० साली त्या विद्यालयाचे डीन झाले आणि त्यांनी व्याख्यानांच्या जागी निवाड्यांच्या अभ्यासावर आधारलेली अध्यापनपद्धती आणली. ही पद्धती व्यवसायातील अनेकांना पसंत नव्हती. १८८६ साली, विद्यापीठाच्या अडीचशेव्या वर्षाच्या उत्सवप्रसंगी, विधिविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला. लुई ब्रँडाइस हे त्याच्या स्थापनेतील एक प्रमुख व्यक्ती आणि त्याचे पहिले चिटणीस. त्या नोव्हेंबर महिन्यात संघापुढे ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचे जे भाषण झाले त्याचा विषयच मुळी विधिविद्यालयांचा उपयोग काय, हा होता. म्हणजे या संघाचा जन्म केवळ स्नेहभोजनासाठी झाला नव्हता. शिक्षणविषयक एका वादात बाजू घेणारी ती मंडळी होती.

पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, विद्यार्थ्यांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ काढले. आज या नियतकालिकाचे नाव पांडित्याशी जोडले गेले आहे. पण पहिल्या अंकात संपादकांनी आपले जे हेतू सांगितले, त्यांत विद्यालयात चालणाऱ्या कामाची माहिती देणे आणि केंब्रिज येथे कायद्याचे शिक्षण घेतलेल्यांना रुचेल अशी वार्ता पुरविणे हेही होते. वार्ता आणि विद्या यांची तेथे फारकत नव्हती. आपल्या विद्यालयात काय शिकविले जाते, कसे शिकविले जाते, ही गोष्टच माजी विद्यार्थ्यांना कळविण्याजोगी वार्ता आहे असे त्या तरुणांना वाटले. आणि माजी विद्यार्थ्यांनीही केवळ वर्गणी पाठवून समाधान मानले नाही. १८९० च्या डिसेंबरमध्ये सॅम्युएल वॉरन आणि ब्रँडाइस या दोघा माजी विद्यार्थ्यांनी त्याच नियतकालिकात खाजगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, आणि अमेरिकन कायद्याच्या एका शाखेचा उगम त्या लेखापाशी दाखविण्याची प्रथा पडली. माजी विद्यार्थ्याचा संस्थेशी असलेला संबंध कोणत्या उंचीला जाऊ शकतो, याचे हे प्रमाण होय.

परंतु या चित्रालाही कड आहे. ज्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी हे सर्व केले, त्या विद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९५० साली. तोपर्यंतच्या सहा दशकांच्या वार्तेत स्त्री ही कोणाची तरी पत्नी म्हणून येऊ शकत होती, सहाध्यायी म्हणून नव्हे. वार्तापत्र कितीही उच्च प्रतीचे असले तरी त्याचा परीघ प्रवेशनियमांनी आखलेला असतो. हा परीघ न्यायालयापुढे आला तो त्याच १९५० साली, पण दुसऱ्या एका राज्यातून आणि दुसऱ्या कारणाने.

३

हेमन मॅरियन स्वेट हे टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहरात टपाल वाटण्याचे काम करीत. ते कृष्णवर्णीय होते. १९४६ च्या फेब्रुवारीत त्यांनी ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या विधिविद्यालयात प्रवेश मागितला आणि तो केवळ वर्णामुळे नाकारण्यात आला. विद्यापीठाचे अध्यक्ष थिओफिलस पेंटर हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ. त्यांचे नाव या दाव्यात प्रतिवादी म्हणून अमर व्हावे हा दैवाचा एक उपरोध होय. त्या वेळचा कायदा ‘पृथक परंतु समान’ या १८९६ च्या प्लेसी निवाड्यातील सूत्रावर उभा होता. तेव्हा राज्याने १९४७ साली कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईने एक वेगळे विधिविद्यालय उघडले. स्वेट यांनी तेथे जाण्याचे नाकारले. थर्गुड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली, आणि ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने स्वेट यांच्या बाजूने निकाल दिला.

सरन्यायाधीश विन्सन यांचे निकालपत्र आटोपशीर आहे. त्याची रचना तौलनिक टीकेसारखी आहे. प्रथम मोजता येण्याजोग्या गोष्टी समोरासमोर ठेवल्या आहेत. टेक्सस विद्यापीठाच्या विद्यालयात सोळा पूर्णवेळ आणि तीन अर्धवेळ अध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० ग्रंथ. नव्या विद्यालयात पाच पूर्णवेळ अध्यापक, २३ विद्यार्थी, सुमारे १६,५०० ग्रंथ. एका बाजूला विधिविषयक नियतकालिक, शिष्यवृत्तींचे निधी आणि राज्याच्या वकिलीत व सार्वजनिक जीवनात मानाच्या जागा भूषविणारे माजी विद्यार्थी; दुसऱ्या बाजूला टेक्ससच्या वकीलवर्गात सामील झालेला माजी विद्यार्थी — एक.

हा ‘एक’ आकडा निकालपत्रात कोणत्याही भाष्याविना येतो, आणि म्हणूनच तो वाचकाच्या मनात रुततो. त्यानंतर निकालपत्र एक पाऊल पुढे टाकते. या मोजदादीपेक्षाही महत्त्वाचे असे काही गुण असतात, वस्तुनिष्ठ मापनाला ते वश होत नाहीत, पण विद्यालयाची थोरवी त्यांवरच ठरते, असे तेथे म्हटले आहे. अध्यापकवर्गाचा लौकिक, प्रशासनाचा अनुभव, माजी विद्यार्थ्यांचे स्थान व प्रभाव, समाजातील प्रतिष्ठा, परंपरा अशी त्या गुणांची यादी दिली आहे. पुढे युक्तिवाद असा, की कायद्याचे शिक्षण ज्या माणसांशी आणि संस्थांशी कायद्याचा व्यवहार चालतो त्यांच्यापासून तुटून परिणामकारक होऊ शकत नाही. नव्या विद्यालयातून वगळलेल्या वर्णगटांत राज्याची ८५ टक्के लोकसंख्या येते, आणि ज्या वकिलांशी, साक्षीदारांशी, ज्यूरींशी व न्यायाधीशांशी पुढे स्वेट यांची गाठ पडणार, त्यांतील बहुतेक सारे त्यांतच येतात.

वार्तापत्रांच्या समीक्षकाला या परिच्छेदाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वार्तापत्र ज्या गोष्टीचा गौरव करते, तीच गोष्ट येथे पुरावा म्हणून दाखल झाली आहे. माजी विद्यार्थ्यांची नियुक्ती, त्यांचा मान, त्यांचा प्रभाव ही सारी संस्थेची शोभा नसून संस्थेच्या हातातले वाटपयोग्य भांडवल आहे. आणि ज्याला त्या भांडवलात वाटा नाकारला जातो त्याला कायद्याचे समान संरक्षण नाकारले जाते, असा या विधानाचा इत्यर्थ आहे. एका दृष्टीने पाहता विन्सन यांनी टेक्सस विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची यशोगाथा उलट बाजूने वाचली. ही वाचनपद्धती हेच या निकालपत्राचे, आमच्या मते, टिकाऊ योगदान होय. १९५४ च्या ब्राउन निवाड्याने शालेय विभक्तीकरण घटनाबाह्य ठरविताना याच अमूर्त गुणांच्या विचाराचा आधार घेतला.

४

असे असले तरी निकालपत्रातील काही उणिवांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पहिली उणीव तार्किक आहे. माजी विद्यार्थ्यांचा प्रभाव हे थोरवीचे गमक मानले, तर थोरवी ही भूतकाळाची मिरास ठरते. टेक्सस विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना राज्यात मानाच्या जागा मिळाल्या याचे एक कारण हेच होते, की त्या जागांसाठी स्पर्धा करू शकणाऱ्या एका समाजाला विद्यालयाच्या दाराबाहेर ठेवले गेले होते. अन्यायाने जमलेल्या भांडवलाला निकालपत्र ‘थोरवी’ हेच नाव देते. त्यात वाटा मिळावा असे ते म्हणते. ते जमले कसे, हा प्रश्न ते विचारीत नाही. प्लेसी निवाड्याचा पुनर्विचार करण्याचेही न्यायालयाने त्या वेळी टाळले. मर्यादित प्रश्नाचे मर्यादित उत्तर देणे हा न्यायिक संयम आहे खरा. परंतु टीकाकाराने तो संयम पाळलाच पाहिजे असे नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रवेश मिळाला म्हणजे त्या समाजात स्थान मिळाले, असे निकालपत्र गृहीत धरते. स्वेट यांचे पुढील आयुष्य या गृहीतकाला आधार देत नाही. १९५० च्या शरद ऋतूत ते टेक्सस विद्यापीठाच्या विधिविद्यालयात दाखल झाले. प्रदीर्घ दाव्याने त्यांची प्रकृती आणि गृहस्थी दोन्ही खचली होती. भोवतालचे वातावरणही स्वागताचे नव्हते. १९५२ साली त्यांनी पदवी न घेताच विद्यालय सोडले. पुढे अटलांटा येथे त्यांनी समाजकार्याची पदवी घेतली आणि त्याच क्षेत्रात काम केले. १९८२ साली त्यांचे निधन झाले. ज्या माणसाने माजी विद्यार्थ्यांच्या समाजात शिरण्याचा हक्क न्यायालयातून मिळविला, तो त्या समाजाचा पदवीधर सभासद कधीच झाला नाही. दार उघडले ते त्यांच्यामागून येणाऱ्यांना : व्हर्जिल लॉट हे १९५३ साली त्या विद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले.

आज टेक्सस विद्यापीठ स्वेट यांचे नाव अभिमानाने घेते. १९८७ पासून त्यांच्या नावाने तेथे नागरी हक्कांवरील परिसंवादाची परंपरा सुरू झाली. ज्या न्यायालयाच्या इमारतीत १९४७ साली त्यांच्या विरुद्ध निकाल लागला, त्या ऑस्टिनमधील इमारतीला २००५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. या गौरवात कृतज्ञता आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही प्रश्न उरतो. संस्था ज्याला माजी विद्यार्थी म्हणून घडवू शकली नाही त्याला ती पूर्वज म्हणून स्वीकारते, तेव्हा ती आपल्या इतिहासाची कबुली देत असते, की त्याची डागडुजी करीत असते? बातमी कशी लिहिली आहे यावर याचे उत्तर अवलंबून असते. परिसंवादाच्या वृत्तात १९४६ चा नकार आणि १९५२ चे जाणे या दोन्ही गोष्टी आल्या, तर ती कबुली होय. नुसता १९५० चा विजय आला, तर ती डागडुजी होय.

५

येथे असा आक्षेप संभवतो, की माजी विद्यार्थ्यांचा प्रभाव हे जर केवळ संचित वर्चस्वाचे दुसरे नाव असेल, तर त्याला ‘थोरवी’च्या लक्षणांत स्थानच देऊ नये. हा आक्षेप आम्हास पूर्णपणे मान्य नाही, आणि त्याचे कारण स्वेट खटल्यातच सापडते. तो खटला जिंकला तोही माजी विद्यार्थ्यांच्याच एका समाजाने.

वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाच्या विधिविद्यालयाचा आरंभ १८६९ चा. तेथे १९२९ ते १९३५ या काळात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी उप-डीन म्हणून काम केले. ह्यूस्टन स्वतः हार्वर्डचे १९२२ चे पदवीधर आणि ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’च्या संपादकमंडळावर निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्यांनी हॉवर्डचा अभ्यासक्रम कडक केला, पूर्णवेळ शिक्षणावर भर दिला, आणि १९३१ साली विद्यालयाला अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली. थर्गुड मार्शल हे त्यांचे विद्यार्थी. १९३३ साली ते वर्गात पहिले आले. मार्शल बॉल्टिमोरचे, पण त्यांच्या राज्यातील मेरीलँड विद्यापीठाचे विधिविद्यालय कृष्णवर्णीयांना घेत नसे. पदवीनंतर गुरुशिष्यांनी मिळून त्याच विद्यालयाविरुद्ध डोनाल्ड मरे यांचा दावा चालविला आणि १९३६ साली मेरीलँडच्या अपील न्यायालयात तो जिंकला. स्वेट खटल्यात मार्शल यांच्यासोबत असलेले रॉबर्ट कार्टर हेही हॉवर्डचेच. ह्यूस्टन मात्र हा विजय पाहू शकले नाहीत. निकालापूर्वी अवघे सहा आठवडे, १९५० च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

हॉवर्डच्या या मंडळींजवळ विन्सन यांच्या यादीतील प्रभाव आणि प्रतिष्ठा कितीशी होती? न्यायासने त्यांच्या हाती नव्हती, मोठे निधी नव्हते. परंतु वर्गात सुरू झालेले काम वर्गाबाहेर चालू ठेवण्याची एक शिस्त त्यांच्याजवळ होती. माजी विद्यार्थ्याचा संस्थेशी असलेला संबंध त्यांनी उपकारफेडीचा न मानता सहकार्याचा मानला. हा संबंध संस्थेच्या भिंतींतही राहिला नाही : विभक्त विधिशिक्षणाविरुद्ध शंभराहून अधिक विधि-अध्यापकांनी स्वेट खटल्यात न्यायालयापुढे स्वतंत्र निवेदन सादर केले, ते गौरवर्णीयांच्या नामांकित विद्यालयांतूनच. आणि ज्या घाईने उघडलेल्या विद्यालयाचा माजी विद्यार्थी १९५० साली ‘एक’ होता, तेही पुढे मोठे झाले. त्याचे पहिले पदवीधर हेन्री डॉइल पुढे टेक्ससच्या अपील न्यायालयावर न्यायाधीश झाले, आणि ते विद्यालय आज थर्गुड मार्शल यांचे नाव धारण करून ह्यूस्टन शहरात चालू आहे. ‘एक’ हा आकडा न्यायालयापुढे दारिद्र्याचा पुरावा होता. इतिहासात तो आरंभाचा आकडा ठरला.

तेव्हा प्रश्न प्रभाव असावा की नसावा हा नव्हे. प्रभाव कोणाच्या कामी येतो, हा आहे. २००३ च्या ग्रटर निवाड्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वेट निकालपत्राचे स्मरण करून, विधिविद्यालये ही नेतृत्वाची शिक्षणभूमी असल्याने त्यांची वाट सर्वांना उघडी दिसली पाहिजे, असे म्हटले. २०२३ साली त्याच न्यायालयाने प्रवेशातील वर्णविचाराला घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना अनेक अमेरिकन विद्यापीठे देत आलेल्या अग्रक्रमावर जी टीका वाढली ती स्वाभाविक होती. वर्णाचा विचार करावयाचा नाही पण वंशपरंपरेचा करावयाचा, ही भूमिका विन्सन यांच्या यादीचा अर्थच उलटा करते : जे भांडवल वाटले जावे म्हणून न्यायालयाने नोंदविले, ते वारसाहक्काने पुढे जाऊ लागते.

६

हा सर्व विचार आपल्याकडील संस्थांनाही लागू पडतो, मात्र जपून. मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयाचा आरंभ १८५५ चा, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या विधिमहाविद्यालयाचा १९२४ चा. पुण्याच्या महाविद्यालयाने प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश दिले, हे आपण वारंवार वाचतो. विधान खरे आहे. पण ‘दिले’ या क्रियापदात तोच जुना अनुच्चारित सिद्धांत दडला आहे. या दोघांना तेथे काय शिकावयास मिळाले, कोणाकडून, आणि त्यांच्या वर्गात कोण नव्हते, हे सांगणारी वार्ता अधिक मोलाची ठरेल.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन उदाहरणे लक्षात घेण्यासारखी आहेत. १९३० साली कोलंबिया विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या वार्तापत्रात त्यांनी आपल्या आयुष्यातील उत्तम मित्र म्हणून तेथील काही सहाध्यायांचा आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन या गुरूंचा उल्लेख केला. कोलंबियातील त्यांचे शिक्षण कायद्याचे नव्हते. पण माजी विद्यार्थ्याच्या वार्तेचा हा नमुना आहे. नेहमीचे वार्तापत्र पद नोंदविते. येथे पदाचा उल्लेख नाही, मैत्रीचा आहे. स्वदेशात ज्याला शाळेत वेगळे बसावे लागले त्याने परदेशी सहाध्यायांना ‘उत्तम मित्र’ म्हणावे, या विधानात एका देशाविषयी कृतज्ञता आणि दुसऱ्याविषयी आरोप असे दोन्ही आहे. पुढे १९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेविषयीचे आपले विचार त्यांनी १९३६ साली महाविद्यालयाच्याच नियतकालिकात मांडले. महाविद्यालयाचे नियतकालिक हे गौरवासाठी नसून विचारासाठी आहे, ही १८८७ च्या त्या तरुण संपादकांची समजूत येथे आपल्याच शहरात पुन्हा भेटते.

निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. विधिमहाविद्यालयाचे वार्तापत्र हे त्या संस्थेच्या भांडवलाचे जमाखर्चाचे पत्रक आहे. आजवर आपण त्यातील जमेची बाजू तेवढी छापत आलो. नियुक्तीच्या बातमीशेजारी त्या वर्षी प्रवेश कोणाला मिळाला आणि मध्येच कोण सोडून गेले याची बातमी यावी. देणगीच्या आकड्याशेजारी ती कोणाच्या शुल्कासाठी खर्ची पडली हे यावे. मेळाव्याच्या वृत्तात छायाचित्रापेक्षा, नव्या पदवीधराला उमेदवारीसाठी कोणत्या माजी विद्यार्थ्याचे दार उघडे आहे, याला जागा मिळावी. असे वार्तापत्र कमी गोड लागेल. पण कायदा शिकविणाऱ्या संस्थेने आपल्याविषयीचा पुरावा स्वतःच अपुरा सादर करणे हे तिच्या विद्येशीही विसंगत आहे. ‘एक’ हा आकडा न्यायालयाला सांगावा लागला. तो वार्तापत्राने आपणहून सांगावा, एवढीच अपेक्षा.